अंगणातली जुनी बोगनवेल काढावी लागतेय, तिचं बोन्साय होईल का?

होईल, आणि चांगलं होईल. तुम्ही लिहिलंय की परभणीच्या घरी गेटजवळ सासऱ्यांनी लावलेली पंधरा-सोळा वर्षांची बोगनवेल आहे, गाडी आत यावी म्हणून दिवाळीच्या आत गेट रुंद करायचंय, आणि वेल तोडून टाकायला जीव होत नाही. सासूबाईंचं म्हणणं, झाड खुंटवून घरात ठेवू नये. त्यावरही लिहितो, पण आधी झाडाचं बघू.

बोन्सायमध्ये सगळ्यात अवघड मिळणारी गोष्ट म्हणजे जाड बुंधा. नर्सरीतून आणलेलं बोटभर जाडीचं रोप उथळ कुंडीत लावलं तर ते वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं, कारण खोड भरतं ते जमिनीत मोकळं वाढताना. तुमच्या वेलीने ते काम करून ठेवलंय. म्हणून गेटवर चढलेल्या वरच्या पसाऱ्याचा लोभ पूर्ण सोडा. तुम्हाला वाचवायचाय तो जमिनीलगतचा हातभर भाग. बुंधा चार इंच जाड असेल तर तयार झालेलं झाड साधारण दोन फूट उंच शोभतं, म्हणजे जाडीच्या सहापट. त्यातली वरची उंची नव्या फांद्यांनी भरायची असते, म्हणून जुनं खोड झाड उचलायच्या वेळी फूटभरावरच कापायचं. एवढं मोठं झाड फूटभर खुंटावर आणताना हात थरथरतो, पण बोगनवेल जुन्या लाकडातूनही जोमाने फुटते. हे धाडस तिच्या बाबतीत करता येतं, सगळ्याच झाडांच्या बाबतीत नाही.

आता वेळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर आणि हवा कोरडी ठाक, तेव्हा मुळं कापलेलं झाड तग धरत नाही. दिवाळीनंतरही नको. परभणीची थंडी तुम्हाला मी काय सांगू, त्या थंडीत बोगनवेल नुसती बसून राहते, नवी मुळं सोडत नाही. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, हवा दमट झाली, की कामाला लागा. मिस्त्रीला ऑगस्टअखेरपर्यंत थांबवता आलं तर दोन टप्प्यांत करा. जूनअखेर बुंध्यापासून फूटभर अंतरावर अर्ध्या गोलाचा चर खणायचा, मधे येणारी जाड मुळं करवतीने स्वच्छ कापायची आणि चर मुरूम व कुजलेल्या शेणखताने भरून टाकायचा. वरच्या फांद्यांना तेव्हा हात लावायचा नाही, काम करायला आड येतात तेवढ्याच काढा. पानं राहिली तरच मुळांना पोसणारं काही राहतं. सहा ते आठ आठवड्यांत कापल्या जागी बारीक मुळं सुटतात. मग उरलेली बाजू कापून झाड उचलायचं.

उचलताना पहार लावून उपसू नका. बोगनवेलीची बारीक मुळं फार ठिसूळ असतात, ओढली की तुटतात. खालून कापत जायचं, खाली गेलेलं जाड मूळ करवतीने आडवं सपाट कापायचं, म्हणजे पुढे उथळ कुंडीत बुंधा नीट बसतो. हातमोजे जाडच घाला, काटे पातळ मोज्यातून आरपार जातात.

काळ्या मातीबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण आपल्या भागात बोन्साय मरतात ती बहुतेक तिच्यापायी. शेतात ती सोनं आहे. कुंडीत मात्र ओली झाली की फुगते, हवा कोंडते, आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते. मुळांच्या हुंडीला चिकटलेली माती बांबूच्या काडीने हलकेच मोकळी करा, पाण्याची बारीक धार सोडून जितकी निघेल तितकी काढा, बारीक मुळांच्या जाळ्यात अडकलेली राहू द्या. कुंडीत भरायला आपल्याकडे फुकटात मिळणारी उत्तम वस्तू म्हणजे मुरूम. आधी बारीक चाळणीने धूळ काढायची, मग मोठ्या चाळणीने खडे काढायचे, आणि मधला ज्वारी ते हरभऱ्याच्या आकाराचा माल ठेवायचा. असा मुरूम दोन भाग, विटांचे तसेच तुकडे एक भाग आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. पाणी घातल्याबरोबर खालून निघालं पाहिजे. वर साचून राहिलं तर चाळणं कमी पडलंय असं समजा.

पहिल्या वर्षी बोन्सायची कुंडी आणूच नका. खाली भरपूर भोकं पाडलेलं प्लास्टिकचं मोठं घमेलं पुरतं. झाड त्यात तारेने किंवा सुतळीने घट्ट बांधा, कारण वाऱ्याने खुंट हलला की नुकतीच सुटलेली मुळं तुटतात. वरचे काप तिरपे द्या, पाणी ओघळून जाईल असे. बोगनवेलीचं लाकूड मऊ असतं, काप उघडा राहिला की सड आत उतरते. त्यावर बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे प्रमाण कोणत्याही मोसंबीवाल्याला पाठ असतं. तुम्हाला त्याचा दहावा हिस्साही पुष्कळ होईल.

मग घमेलं शेडनेटखाली ठेवायचं आणि वाट बघायची. मधे शंका आली तर नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं ओलं दिसलं की झाड जिवंत आहे. दोन ते चार आठवड्यांत जुन्या सालीतून बारीक लालसर कोंब बाहेर येतात. लोक इथेच फसतात. ते कोंब खोडात साठलेल्या अन्नावर आलेले असतात, खाली मुळं सुटलीच असतील असं नाही. या वेळी उन्हात नेलं, खत घातलं किंवा ओढून बघितलं की सगळे कोंब माना टाकतात. कोंब हातभर लांब होऊन बुडाशी कडक झाले की मुळं लागली. त्यानंतर हळूहळू ऊन द्या, खत द्या. पहिलं वर्ष झाडाने फक्त जगायचं. फुटतील ते सगळे धुमारे मोकळे वाढू द्या, कात्री बाजूला ठेवा.

आकार देणं हे वर्ष सरल्यानंतरच्या फेब्रुवारीत. चार-पाच चांगल्या जागी आलेल्या फांद्या ठेवून बाकी काढा. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची घ्या, आणि फांदी अर्धवट हिरवी असतानाच वळवा, पक्की झालेली बोगनवेल काडकन मोडते. पावसाळ्यात तार काही आठवड्यांतच सालीत रुतते, तेव्हा रोज नजर ठेवा. उथळ कुंडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी.

फुलांसाठी तुम्हाला ताण देणं माहीत असेलच. मोसंबीचा आंबे बहार धरताना बागेचं पाणी तोडतात, तत्त्व तेच, पण कुंडीत त्याला आठवडे लागत नाहीत. पानं जराशी मलूल झाली की लगेच भरपूर पाणी. रोज किमान पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर ताण देऊनही नुसती पानंच येतात.

सासूबाईंना सांगा की हे झाड घरात ठेवायचंच नाहीये, घरात ते जगणारही नाही. त्याची जागा अंगणात किंवा गच्चीवर. आणि बोन्साय उपाशी ठेवून खुजं करतात हा समज खरा नाही. छाटणीने ते लहान राहतं. कुंडीतली मूठभर माती लवकर निकस होते, म्हणून त्याला खतपाणी जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त वेळा द्यावं लागतं. सासऱ्यांनी लावलेलं झाड सिमेंटखाली जाण्यापेक्षा त्यांच्याच अंगणात फुलत राहिलेलं मला तरी योग्य वाटतं, आणि सासूबाईंनाही पटेल.

पाण्याचं मात्र आधीच ठरवा. बोन्सायला पाणी थोडं लागतं, पण उन्हाळ्यात एक दिवस चुकवून चालत नाही, मेमध्ये दोन वेळ लागतं. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा माझ्या कुंड्या तांदूळ आणि भाज्या धुतलेल्या पाण्यावर जगल्या. साबणाचं पाणी घालू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतील. ती लोहाची कमतरता, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं की सुधारते. पावसाचं पाणी साठवता आलं तर फारच उत्तम.

आता लगेच एक करा. खुरप्याने बुंध्याभोवतीची माती चार बोटं खाली हलकेच खरवडा. मुळं जिथून फाकतात तो भाग उघडा पडेल, आणि तिथे बुंधा वरून दिसतो त्यापेक्षा बराच जाड निघण्याची शक्यता आहे. चारही बाजूंनी फोटो काढून इथे टाका, शेजारी मोजपट्टी धरा आणि माती परत ओढून घ्या. कोणती बाजू पुढची धरायची आणि खोड कुठे कापायचं, ते मी फोटोवर खूण करून सांगतो.