एक्केचाळीस मिनिटांची वही

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. क्लबच्या बास्केटबॉल संघात, बारा जणींमध्ये तिची निवड झाली तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. पण या हंगामातल्या १४ सामन्यांत ती मिळून ४१ मिनिटं खेळली. मी स्टॉपवॉच लावून वहीत लिहून ठेवतो. ती मिनिटंही बहुतेक शेवटच्या क्वार्टरमध्ये, सामन्याचा निकाल लागून गेल्यावर. सरावाला ती एक दिवसही चुकत नाही, पण तिथेही राखीव मुलींचा गट पलीकडच्या बास्केटवर वेगळा असतो. पुढच्या वर्षी महत्त्वाची परीक्षा आहे. मी प्रशिक्षकांशी बोलू का? संघ बदलावा, की खेळच सोडायला सांगावं? – एक वडील

उत्तर : सप्रेम नमस्कार,

आधी हिशेब मांडू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर पाच जणी. म्हणजे प्रशिक्षकांकडे वाटायला २०० मिनिटं. पहिल्या पाच जणींना प्रत्येकी ३२ दिली की १६० तिथेच संपतात. उरलेल्या ४० मिनिटांत सात जणी. त्यातली सहावी, सातवी, आठवी दहा-दहा, बारा-बारा मिनिटं घेऊन जातात आणि उरलेल्या चौघींच्या वाट्याला जे येतं, ते तुमच्या वहीत आहे. दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूला मिनिटं कमी मिळणारच. तेवढ्यावरून मी संघाला दोष देणार नाही.

पण ती मिनिटं कधी मिळाली, हे वाचून मला वाईट वाटलं. वीस गुणांचं अंतर पडलेलं असताना समोरचा संघही ढिला पडतो, कोणी बचावाला झटत नाही, आणि तुमच्या मुलीची चूक असो वा कमाल, कोणाच्या लक्षात राहत नाही. ताणाखाली पास कुणाला द्यायचा, हे तिथे शिकता येत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या क्वार्टरमधली तीन मिनिटं, सामना चुरशीचा असताना, मुख्य चौघींच्या जोडीला मिळालेली, कितीतरी मोलाची.

मागे एका सामन्यात मी राखीव बाकांच्या अगदी मागे बसलो होतो. तासभर बसून असलेल्या एका मुलाला अचानक हाक आली. जॅकेटची चेन अडकली, ती ओढत ओढतच तो स्कोअररच्या टेबलाकडे धावला. पहिलाच पास हातात आला तसा त्याने बिचकून सोडून दिला, पुढच्या चढाईत फाउल केला, आणि मिनिटभरात परत बाकावर. प्रशिक्षकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. त्या पोराला खेळ येत नव्हता असं मी म्हणणार नाही. चुकलं की बाहेर, हे डोक्यात घेऊनच तो उतरला होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : हो, हा संघ तिला पुरेशी संधी देत नाही, आणि मुख्य चूक सरावात आहे. सामन्यात सगळ्यांना खेळवणं अवघड असतं, हे मान्य. सरावात मात्र राखीव मुलींनी रोज पहिल्या पाच जणींच्या अंगावर जाऊन खेळायला हवं. त्यात संघाचाही फायदाच आहे. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जाते, कुणाचा घोटा मुरगळतो, आणि ऐन वेळी दहाव्या मुलीवर भिस्त ठेवावी लागते. मिनिटं वाटून जिंकता येत नाही, हेही खरं नाही. २०१३-१४ च्या हंगामात सॅन अँटोनियो स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नव्हती, आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं विजेतेपद त्यांनीच पटकावलं. तिथला सामना तर ४८ मिनिटांचा.

आता बोलायचं कोणी? तुम्ही नको, तिने. तुम्ही वही घेऊन गेलात तर प्रशिक्षक सावध होतील, आणि त्यांच्या लेखी ती ‘त्या पालकांची मुलगी’ होऊन बसेल. तिने सामन्याच्या दिवशी नव्हे, सरावानंतर शांतपणे दोनच गोष्टी विचाराव्यात : ‘आठव्या क्रमांकावर यायला माझ्या खेळात काय कमी पडतंय?’ आणि ‘आठवड्यातून एकदा तरी मला मुख्य गटाविरुद्ध खेळू द्याल का?’ चांगला प्रशिक्षक नेमकं सांगतो : डावा हात कच्चा आहे, बचावात परतायला उशीर होतो. ‘मेहनत कर, वेळ येईल’ एवढंच उत्तर मिळालं, तर त्यांनी तिचा विचारच केलेला नाही असं समजा.

नेमकं उत्तर मिळालं तर सहा महिने थांबा. नाही मिळालं तर हंगाम संपल्यावर संघ बदला. अधेमधे सोडून जाऊ नका. स्टीव्ह नॅश १९९६ मध्ये फिनिक्सकडून एनबीएत आला, तेव्हा त्याच्या जागेवर आधी केविन जॉन्सन होता, मग जेसन किडही आला. पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे जेमतेम साडेदहा मिनिटं मिळाली. १९९८ मध्ये तो डॅलसला गेला, आणि २००५ व २००६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रत्येकाचं असं होत नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. पण थांबणं आणि निघणं, दोन्ही त्याच्या वाटेत होतं.

दरम्यान तिला थ्री-एक्स-थ्री, म्हणजे तिघींविरुद्ध तिघींचं बास्केटबॉल, खेळू द्या. संघात चारच जणी, त्यातली एकच बाहेर. १० मिनिटं किंवा २१ गुण, आणि बारा सेकंदांत शॉट मारायचा. तिथे लपायला जागा नाही, चेंडू सारखा हातात येतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे.

खेळ सोडायला सांगू नका. परीक्षेच्या आधीचे तीन महिने सराव निम्म्यावर आणा, तोही तिला विचारून. पुढे ती खेळाडू म्हणून पोट भरेल का, हे आज मी सांगू शकणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शिक्षण चालू ठेवायचंच.

आणि ती वही तिला देऊन टाका. मिनिटांच्या शेजारी तीन रकाने आखायला सांगा : उतरले तेव्हा गुणफलक काय होता, सोबत कोण होतं, आणि मी काय केलं. पुढच्या पाच सामन्यांची पानं भरली की तिलाच मला लिहू द्या.