वाचकांचे प्रश्न : तुटलेलं रान परत कसं आणायचं?

प्रश्न : कणकवली तालुक्यात डोंगरउतारावर आमचं दोन एकर रान आहे. सहा वर्षांपूर्वी ते जळाऊ लाकडासाठी ठेकेदाराला दिलं. आता सगळीकडे रानमोडी हे झुडपी तण माजलं आहे. भाऊ म्हणतात, जेसीबीने साफ करून आकेशिया लावू. काय करावं?

उत्तर : जेसीबी मुळीच आत घालू नका. ऐन, किंजळ, जांभूळ यांचे बुंधे अजून जिवंत असतील, आणि तेच तुमचं भांडवल. ते उपटले की मोकळी झालेली माती पहिल्या पावसात वहाळाला (ओढ्याला) जाईल आणि खालचा जांभा उघडा पडेल. मग आकेशियाशिवाय दुसरं काही तग धरणार नाही.

दिवाळीनंतर रान फिरून एकेक बुंधा बघा. दहा-पंधरा फुटवे एकत्र वाढत असतील तर त्यातला एकही जोमाने वाढत नाही. जमिनीलगत फुटलेले दोन-तीन सरळ फुटवे राखा. बुंध्यावर उंच फुटलेले पुढे वाऱ्यात उखडतात. बाकीचे धारदार कोयत्याने काढा, पण निम्मे यंदा, निम्मे पुढच्या वर्षी. एकदम मोकळे केलेले बारीक फुटवे पावसाळी वाऱ्यात लवतात. ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा कोयता लावण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

रानमोडी सरसकट काढायची नाही, कारण तूर्त उतारावरची माती तिनेच धरली आहे. रोपांभोवती तीन फूट तेवढी उपटा, तीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन मऊ असताना आणि फुलं यायच्या आत. जाळलीत तर ती बुडख्यातून पुन्हा फुटते. रोपं मात्र मरतात. वर सावली धरली की ती आपोआप हटते.

वणवा हा खरा धोका. एकच वणवा आधीच्या सगळ्या वर्षांची रोपं संपवतो. डिसेंबरअखेर हद्दीने दहा-पंधरा फुटांची जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढलेला मोकळा पट्टा, काढा. आतला पालापाचोळा मात्र जागेवरच राहू द्या, राबासाठी (भाताच्या रोपवाटिकेत जाळायला) सुद्धा नेऊ नका.

लागवड फक्त रिकाम्या जागी करा. उन्हात आधी चांदाडा, उंबर, शिवण. रातांबा आणि सुरंगी त्यांची सावली पडल्यावर. जांभळाचं आणि रातांब्याचं बी वाळवून ठेवलं की मरतं, म्हणून फळातून काढल्यावर आठवड्याभरात पेरा.

प्रश्न : वरचं रान तुटल्यावर आमचा वहाळ जानेवारीतच आटतो. पाऊस तर तेवढाच पडतो!

उत्तर : पाऊस तेवढाच असला तरी तो मुरत नाही. उघड्या मातीवर थेंबांचा मारा बसून वरची भोकं बुजतात, गुरांच्या पायांनी ती घट्ट होते. पाणी जुलैतच गढूळ होऊन निघून जातं. पाणी मुरवायला चर खणण्याआधी चराई थांबवा. तीव्र उतारावर चुकीचा चर दरडीला निमंत्रण ठरतो.

प्रश्न : ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कायदेशीर तोड चालते म्हणतात. मग जंगल टिकतं कसं?

उत्तर : नियम बरे आहेत. यंत्राने तोड असेल तर हेक्टरी जास्तीत जास्त ३० घनमीटर लाकूड, आणि एवढं काढलं तर पुन्हा त्या जागी ३५ वर्षांनी. साधारणपणे ५० सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचं झाड तोडायचं नाही, आणि तोडण्याजोग्या झाडांतलीही प्रत्येक जातीची किमान दहा टक्के बियाण्यासाठी राखायची. झाडांना जोडणाऱ्या वेली आधीच कापून ठेवतात, नाहीतर एक झाड पडताना शेजारच्यांना ओढतं.

अडचण दोन ठिकाणी येते. इपेसारखी कठीण लाकडाची झाडं फार सावकाश वाढतात. त्यांना ३५ वर्षं पुरत नाहीत. दुसरी अडचण ओंडके आणायला काढलेल्या रस्त्यांची. त्यांवरून बेकायदा तोडवाले आणि आग दोन्ही आत शिरतात. जंगल पुरतं साफ केलेल्या जमिनीपैकी बहुतेक शेवटी गुरांचं कुरण होते, म्हणजे मोठा घास लाकूडतोड्यांचा नाही. उपग्रहाने पाळत ठेवून, दंड करून आणि कर्ज रोखून ब्राझीलने अ‍ॅमेझॉनमधली वर्षाकाठची ही जंगलसफाई २००४ च्या सुमारे २७,८०० चौरस किलोमीटरवरून २०१२ मध्ये ४,६०० पर्यंत आणली होती. पाळत सैल पडली तसा २०२१ मध्ये आकडा पुन्हा १३,००० वर गेला.