माळ नसलेल्या माणसाने काय करावं?

"मॅडम, कुणी जेवायला बोलावलं की पोटात गोळाच येतो. मला हे चालत नाही, असं सांगायचं कसं?" सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्यातली एक गोष्ट लिहायचं ठरवलं. संबंधित ताईंची परवानगी घेतली आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.

ताई बँकेत नोकरीला. लग्नानंतर दोन वर्षांनी सिलिॲक आजाराचं निदान झालं. यात गव्हातलं ग्लूटेन आतड्याला इजा करतं, त्यामुळे "एका घासानं काय होतंय" हे इथं खोटं ठरतं. खरं तर आपल्याकडे ज्वारीची भाकरी रोजचीच, म्हणजे खाण्याची अडचण फार नव्हती. अडचण होती ती सांगण्याची.

पहिल्यांदा त्या मुकाट्यानं पोळी खाऊन दोन दिवस आजारी पडल्या. मग बहाणे सुरू झाले. एकदा गावी चुलत सासूबाईंना म्हणाल्या, "काकू, आज संकष्टी आहे." काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. संकष्टी परवाच होऊन गेली होती. त्या दिवसापासून त्यांनी गावी जाणंच सोडलं.

"खरं सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं.

"काकूंना वाईट वाटेल."

"वाटलं तर?"

बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाटताच कामा नये."

गाठ इथं होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धत इच्छा आणि हट्ट यांत फरक करायला शिकवते, मला ती जवळची वाटते ती यासाठीच. काकूंना वाईट वाटू नये ही इच्छा झाली. वाटताच कामा नये हा हट्ट झाला, आणि त्याच्यापायी माणूस खोटं बोलतो, नाहीतर जाणंच टाळतो.

मी विचारलं, "गावच्या जत्रेत माळकऱ्यांचं काय करता?"

"त्यांचं वेगळं शिजवतो की. मटणाचा डाव त्या भांड्याला लागू देत नाही."

"आणि शेजारचे जैन काका?"

"ते दिवस मावळायच्या आत जेवतात. कांदा-लसूण घालत नाही आम्ही त्यांच्यासाठी."

"त्यांचा राग येतो?"

"छे! राग कशाला?" असं म्हणून त्या थांबल्या, आणि हळूच म्हणाल्या, "त्यांचं सगळ्यांना माहीत असतं. माझ्या गळ्यात माळ नाही ना."

इतक्या वर्षांच्या कामात मला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचं पथ्य सांभाळायची रीत आपल्या गावांत मुळातच आहे. तुळशीची माळ न बोलता सांगते ते आपण दोन वाक्यांत सांगायचं, एवढंच. काकूंना फोनवर सांगायचं म्हणून ताईंनी लिहून आणलेल्या मजकुरात अकरा वाक्यं होती, त्यातली सात माफीची. कापत कापत दोन उरली: "काकू, बेंदराला नक्की येते. डॉक्टरांनी गहू बंद केलाय, मला भाकरी चालेल." मग सरावासाठी मी काकू झाले आणि तीनदा आग्रह केला. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज स्थिर झाला.

काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं?" बेंदराच्या दिवशी कणीक भिजवण्याआधी त्यांनी काथवट आणि तवा घासून घेतला आणि पहिली भाकरी सुनेची थापली. शेजारी वाटीत पुरण आणि दूध. बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे ताईंनी सांगितल्यावर कटाची आमटीही बिनहिंगाची झाली.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, आमंत्रण येताच बोला, पान वाढल्यावर नको. काय चालतं ते आधी सांगा, म्हणजे घरची बाई गोंधळत नाही. सगळ्यांना पुरेल असा एखादा पदार्थ सोबत न्या. पथ्य, व्रत आणि आवड यांत फरक करा: पहिल्या दोन्हींसाठी ठाम राहा, पण नुसतं वांगं आवडत नसेल तर थोडंच वाढून घ्या, त्यासाठी फोन नको. आणि स्वतः मांसाहार सोडला असेल तर दुसऱ्याच्या ताटाकडे बघून व्याख्यान देऊ नका. हे मी जरा कडक शब्दांतच सांगते.

एका घरी मात्र ताईंना अजून जमलेलं नाही. तिथं त्या घरून जेवून जातात आणि फक्त चहा घेतात. मी म्हटलं, तेही चालेल.