खिडकी बंद केली की मागची यादी गायब होते!

प्रश्न: सर, मामांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या औषधांचं दुकान आहे, त्यांच्यासाठी मी सी भाषेत स्टॉकचा प्रोग्राम करतेय. कॉलेजात टर्बो सी वर गेटटेक्स्टने स्क्रीन उचलायचा आणि पुटटेक्स्टने परत ठेवायचा असं शिकवलं होतं. आता लिनक्सवर एनकर्सेस (टर्मिनलवर खिडक्या, याद्या काढायची लायब्ररी) वापरते तर तसं काही सापडतच नाही. दराची छोटी खिडकी बंद केली की तिच्या जागची यादी परत येत नाही, आणि मधेच प्रोग्राम पडला की टर्मिनलवर टाइप केलेलं दिसत नाही. काय करू?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर: अगं, तू चुकीचं काही शिकली नाहीस, फक्त जागा बदललीये. टर्बो सी चालायचं त्या डॉसमधे स्क्रीन म्हणजे सरळ मेमरीच असायची, ८० बाय २५ म्हणजे २००० अक्षरं, प्रत्येकाला एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा, झाले ४००० बाइट, ते कॉपी करून ठेवायचे आणि परत टाकायचे, संपलं. लिनक्सचं टर्मिनल मात्र मुळात तारेपलीकडचं वेगळं यंत्र असायचं, त्याला अक्षरं पाठवायची, तुझ्यावर आत्ता काय दिसतंय हे त्याला विचारायची सरसकट सोय नाही. म्हणून आपण काय काढलं त्याची प्रत एनकर्सेस स्वतःकडे ठेवतं, आणि तुझी यादी त्या प्रतीत अजून शाबूत आहे!

मग ती दिसत का नाही? कारण रिफ्रेश फक्त बदललेलं पाठवतं, आणि यादीत तर काहीच बदललेलं नाही. खिडकी डेलविनने काढलीस की यादीच्या विंडोवर टचविन कर, म्हणजे ती सगळी बदललीये असं एनकर्सेस धरतं, मग डब्ल्यूरिफ्रेश, यादी परत येईल. खिडक्यांवर खिडक्या उघडणार असशील तर पॅनेल लायब्ररीच घे बाई, कोण कोणाच्या मागे आहे ते ती सांभाळते. अख्खा स्क्रीन फाइलमधे ठेवायला एससीआर डंप आणि एससीआर रिस्टोर आहेत, पण दुकानाच्या प्रोग्रामला मला ते नको वाटतं, उद्या जुना स्क्रीन उघडला आणि त्यावर जुनाच स्टॉक दिसला तर मामा चुकीचा माल मागवतील. डेटा ठेव, स्क्रीन त्यावरून नव्याने काढ. आणि मधेच सी चं नेहमीचं छापायचं प्रिंटएफ वापरू नकोस, ते एनकर्सेसला कळतच नाही, त्यामुळे त्याची प्रत आणि खरा स्क्रीन यांचा मेळ बसत नाही.

मधेच दुसरी कमांड चालवायची असेल तर आधी डेफ प्रोग मोड (टर्मिनलची आत्ताची मांडणी लक्षात ठेवतं), मग एंडविन (टर्मिनल पूर्वीसारखं करतं), मग कमांड, परत आल्यावर रिसेट प्रोग मोड (ती मांडणी परत आणतं) आणि रिफ्रेश. बहुतेक टर्मिनलांना दुसरा, पर्यायी स्क्रीन असतो, एनकर्सेस सुरू होताना तिकडे जातं आणि एंडविनला परत येतं, म्हणून बाहेर पडल्यावर तुझ्या आधीच्या कमांडी जशाच्या तशा दिसतात.

प्रोग्राम पडतो तेव्हा हे एंडविनच राहून जातं, त्यामुळे टाइप केलेलं दिसत नाही. घाबरून टर्मिनलची खिडकी बंद करू नकोस, न दिसताच रिसेट टाइप कर (इंग्रजीत अर्थात) आणि एंटर मार, एंटर चालत नसेल तर कंट्रोल आणि जे दाब. मामांनाही हे एकदा हाताने करायला लाव, दुकानात तू नसशील तेव्हा त्यांनाच करावं लागेल.