दहा-अकरा तासांच्या आयटी नोकरीसोबत घरी पाव भाजणे: त्यातून खरोखर समाधान मिळते का?

आपण लिहिले आहे की, नोकरीत रोज दहा-अकरा तास जातात, सुटीच्या दिवशीही मन कामातून सुटत नाही आणि घरी पाव भाजायला शिकावे असे बरेच दिवस वाटते आहे. पण हा छंद म्हणजे डोक्यावर आणखी एक काम तर होणार नाही ना, त्यातून समाधान मिळते का, आणि खाण्याजोगा पाव हाती यायला किती काळ लागतो, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी सोळा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. २०२० मध्ये पुण्याचे घर सोडून आम्ही सांगलीला विश्रामबागेत सासरच्या घरी राहायला आलो, तेव्हापासून मी घरूनच काम करते आणि जवळजवळ प्रत्येक शनिवारी सकाळी पाव भाजते.

मला माझी नोकरी आवडते, हे आधी सांगते, कारण अशा प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा नोकरीला नावे ठेवून सुरू होतात. पैशांचे व्यवहार नोंदवणाऱ्या एका मोठ्या प्रणालीच्या डेटाबेसचे काम माझ्याकडे आहे. ग्राहक अमेरिकेतला असल्यामुळे माझा दिवस दुपारी एकला सुरू होतो आणि रात्री दहा-अकराला संपतो. हे काम अवघड आहे आणि त्यातील अवघडपणाच मला धरून ठेवतो. परंतु इतक्या वर्षांत माझ्या कामाचा उपयोग करणारा एकही माणूस मी समोर पाहिलेला नाही, आणि 'हे आज पूर्ण झाले' असे म्हणून बाजूला ठेवता येईल अशी एकही गोष्ट माझ्या हातून तयार झालेली नाही. आज दुरुस्त केलेला भाग पुढच्या महिन्यात दुसरे कोणीतरी बदलते, आणि ते योग्यच असते. तरीही वर्षानुवर्षे असे काम केल्यावर आत एक रितेपण साठत जाते, आणि आपल्या प्रश्नामागेही मला तेच जाणवले.

पावाकडे मी का वळले, हे समजण्यासाठी आमचे घर समजून घ्यावे लागेल. आमच्याकडे रोज शाळूची भाकरी होते, सणाला पोळी होते, आणि पाव आणायचा असेल तर कोपऱ्यावर बेकरी आहे. मी भाजलेल्या पावाची घरात कोणालाच गरज नव्हती. माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. माझ्या आठवड्यातील प्रत्येक काम कोणीतरी मागितलेले असते. ऑफिसचे काम ग्राहकाने मागितलेले असते, स्वयंपाक घराने आणि अभ्यास घेणे मुलीच्या शाळेने. पाव हे एकमेव काम असे होते की, ते केले नाही तर कोणाचेही काही अडत नव्हते, पण करायचे ठरवले तर ते पूर्ण मन लावूनच करावे लागत होते. विशेषतः ज्या स्त्रिया नोकरी सांभाळून घरचे पाहतात, त्यांनी या फरकाकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण भाजलेला पाव एकदा का घरच्या नाश्त्याची सोय म्हणून धरला जाऊ लागला की, त्याचा छंद उरत नाही.

सुरुवात मी यीस्टच्या पाकिटाने न करता सावरडोने केली. सावरडो म्हणजे पीठ आणि पाणी यांत आपोआप वाढणाऱ्या रानटी यीस्टवर आणि आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंवर फुगवलेला पाव. त्यासाठी आधी विरजण तयार करावे लागते. मी बरणीत पन्नास ग्रॅम गव्हाचे पीठ आणि पन्नास ग्रॅम पाणी कालवून ठेवले. दुसऱ्याच दिवशी ते दुप्पट फुगले आणि मला फार आनंद झाला, पण चौथ्या दिवशी ते अगदी निपचित पडले, म्हणून मी फेकून दिले. दुसऱ्या खेपेलाही हेच झाले. पुढे वाचनातून कळले की, पहिल्या दोन दिवसांची फूग यीस्टची नसतेच. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू तो वायू करतात, मिश्रण आंबट होऊ लागले की ते मागे पडतात, मधले काही दिवस काहीच घडत नाही असे दिसते, आणि त्या आंबटपणात तग धरणारे यीस्ट साधारण आठवड्याने जोर धरते. मी ज्याला मेलेले समजत होते, ते खरे तर तयार होत होते. माझ्या सासूबाईंनी हे न वाचताच ओळखले होते. त्या म्हणाल्या, "अगं, दही लागायच्या आधीच भांडं हलवत बसलं तर ते लागेल का? चार दिवस त्याच्याकडं बघूच नकोस." तिसरी बरणी दहाव्या दिवशी स्थिरावली, आणि तेच विरजण आजही आमच्या फ्रिजमध्ये आहे.

यानंतरची अडचण पिठाची होती आणि त्यात माझे सर्वाधिक महिने गेले. इंटरनेटवरील बहुतेक कृती परदेशी मैद्यासाठी लिहिलेल्या असतात. आपले गिरणीतले पीठ वेगळे असते. जात्यासारख्या दगडांत दळताना त्यातील बराच स्टार्च चिरडला जातो आणि असा स्टार्च जास्त पाणी पितो, तर कोंड्याचे कण ग्लुटेनच्या, म्हणजे पिठाला ताण देऊन वायू धरून ठेवणाऱ्या गव्हातील प्रथिनाच्या, तलम पडद्याला भोके पाडतात. म्हणून परदेशी कृतीतील पाण्यात आपले पीठ घट्ट गोळा होते, आणि पाणी वाढवले तर हाताला चिकटून पसरते. मी आता लोकवन गहू दळून आणते, पीठ पूर्ण थंड होऊ देते, ते मैद्याच्या चाळणीने चाळते आणि निघालेला कोंडा कढत पाण्यात भिजवून मऊ झाल्यावर परत मिसळते. पावाच्या हिशेबात पीठ नेहमी शंभर धरतात आणि बाकी सर्व त्याच्या टक्क्यांत मोजतात. माझे प्रमाण पाचशे ग्रॅम पिठाला चारशे ग्रॅम पाणी, शंभर ग्रॅम विरजण आणि दहा ग्रॅम मीठ असे आहे, म्हणजे अनुक्रमे ऐंशी, वीस आणि दोन टक्के.

सांगलीत राहिल्याचा एक लाभ म्हणजे खपली गहू सहज मिळतो. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात तो पूर्वापार पिकतो आणि आमच्याकडे त्याची खीर होते. त्याच्या दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले असते, त्यामुळे मळणीनंतर तो पुन्हा सडावा लागतो. खपलीत प्रथिने भरपूर असतात, पण त्याचे ग्लुटेन दुबळे असते. मी हौसेने नुसत्या खपलीचा पाव केला तेव्हा तो विटेसारखा जड झाला. आता मी दीडशे ग्रॅम खपली आणि साडेतीनशे ग्रॅम लोकवन घेते. पाव मैद्यासारखा उंच होत नाही, पण त्याला भाजलेल्या गव्हाचा जो गोडसर वास येतो, तो मला इतर कोणत्याही पावात मिळालेला नाही. उंच पावाच्या मागे लागून हा गहू सोडून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याला पोळ्या करता येत असतील, तर पावाचे अर्धे शिक्षण आधीच झालेले आहे. कणीक तिंबून थोडा वेळ मुरू द्यायची असते, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. रेमंड काल्वेल या फ्रेंच पावतज्ज्ञाने १९७० च्या दशकात पीठ आणि पाणी कालवून काही वेळ तसेच ठेवण्याची पद्धत रूढ केली, तिलाच आज ऑटोलिझ म्हणतात. पीठ नुसते भिजत पडले तरी ग्लुटेन आपोआप जुळू लागते आणि मळण्याचे श्रम वाचतात, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. मला हे कळले तेव्हा फार धीर आला, कारण तोवर मी स्वतःला परक्या विद्येतील नवखी समजत होते.

आता वेळेविषयी सांगते. शुक्रवारी सकाळी आठला मी विरजणात नवे पीठ-पाणी घालते. साडेबाराच्या सुमारास ते फुगून येते, तोपर्यंत पाचशे ग्रॅम पीठ अर्धा तास भिजलेले असते. त्यात विरजण आणि मीठ मिसळून मी कामाला बसते. पुढच्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने उठून ओल्या हाताने पिठाच्या कडा ओढून आत दुमडायच्या, याला दोन मिनिटे लागतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास चहाच्या सुटीत गोळ्याला आकार देऊन, तांदळाची पिठी भुरभुरलेले मलमलचे कापड घातलेल्या बांबूच्या परडीत ठेवते आणि परडी फ्रिजमध्ये जाते. शनिवारी सकाळी सातला ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीत, बिडाचे झाकणाचे भांडे चाळीस मिनिटे तापवून, गोळ्यावर ब्लेडने एक चीर देऊन तो त्यात सोडते. २३० अंशांवर वीस मिनिटे झाकण ठेवून भाजते, म्हणजे त्याच्याच वाफेने वरची साल ओली राहते आणि त्याला फुगायला अवकाश मिळतो. नंतर झाकण काढून आणखी वीस-पंचवीस मिनिटे भाजते. प्रत्यक्ष हात लागतो तो वेळ एकूण तासाभराहूनही कमी असतो. उरलेले काम पीठ स्वतः करते आणि त्याला माझ्या मीटिंगांचे काहीही देणेघेणे नसते.

अर्थात हे घड्याळ पावसाळ्यानंतरचे आणि हिवाळ्याच्या सुरुवातीचे आहे. एप्रिलमध्ये सांगलीच्या घरात दुपारी बत्तीस-तेहतीस अंश असतात, तेव्हा तेच पीठ तीन तासांत आंबून पुढे जाते. म्हणून उन्हाळ्यात मी विरजण निम्मे करते आणि पाणी फ्रिजमधले घेते. जानेवारीत याच कामाला सात-आठ तास लागतात. त्यामुळे मी घड्याळापेक्षा भांड्याकडे पाहायला शिकले. पीठ दीडपटीहून थोडे अधिक वर आले आहे का, कडेला बुडबुडे दिसतात का, भांडे हलवले तर ते थरथरते का, एवढ्यावरच निर्णय घ्यायचा असतो. दिवसभर आकड्यांनी भरलेले डॅशबोर्ड पाहणाऱ्या माझ्यासारखीला बोटांवर विश्वास ठेवून ठरवण्याची ही सवय मोलाची वाटली.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा गावभागातील आमचे नातेवाईक आमच्याकडे राहायला आले आणि घरात नऊ माणसे झाली. फ्रिजमध्ये दोन पावांचे पीठ होते आणि त्याच संध्याकाळी वीज गेली. सकाळपर्यंत पीठ इतके आंबले की, त्याची बांधणीच सुटली. त्याचा गोळा होणे शक्य नव्हते आणि ओटीजीही बंद होती. मी त्यात कांदा, मिरची आणि थोडे ज्वारीचे पीठ घालून थालीपिठासारखे तव्यावर थापले आणि झाकण ठेवून भाजले. आमच्या मावससासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. त्यांनी दोन खाल्ली आणि तिसरे मागून घेतले. माझ्या हातचे काम एखाद्या माणसाच्या पोटी लागताना मी समोर बसून पाहिले. समाधान मिळते का, हे आपण विचारले आहे, आणि माझ्याकडे त्याचे याहून नेमके उत्तर नाही.

मात्र पावाकडून एक अपेक्षा ठेवू नये. नोकरीतील अन्याय्य ताण तो कमी करत नाही. सुरुवातीच्या वर्षात मला रात्री-अपरात्री तातडीचे फोन येत, सलग आठवडेच्या आठवडे येत, आणि शनिवारी मी पाव भाजत असतानाही माझे कान फोनकडे असत. तेव्हा पावाचाही मला कंटाळा येऊ लागला होता. शेवटी मी वरिष्ठांशी बोलून चार जणांत पाळ्या लावून घेतल्या, आणि त्यानंतरच शनिवारची सकाळ खऱ्या अर्थाने माझी झाली. आपली अडचण कामाच्या तासांची असेल, तर आधी त्या तासांविषयी बोलावे. छंदाने ती झाकू नये.

विक्रीच्या मोहापासूनही मी आपल्याला सावध करीन. पाव चांगला होऊ लागताच ओळखीचे लोक ऑर्डर देऊ लागले. मी दोन महिने आठवड्याला सहा पाव केले, पैसेही मिळाले, आणि माझ्याकडे आणखी एक कामांची यादी तयार झाली. ते बंद केल्याचा मला पश्चात्ताप नाही. आता एक पाव घरी राहतो आणि दुसरा शेजारी किंवा मुलीच्या मैत्रिणीकडे जातो.

राहिला प्रश्न काळाचा. माझे पहिले सहा पाव दडस झाले. त्यांचे तुकडे भाजून आम्ही सूपमध्ये घातले. सातव्याला थोडी जाळी पडली. अकरावा पाव, साधारण चौथ्या महिन्यात, मी दोन तास थंड होऊ दिला, कारण गरम असताना कापला तर आतला स्टार्च घट्ट झालेला नसतो आणि पाव ओलसर लागतो. मग सुरी घातली, तर आत आंबोळीसारखी एकसारखी जाळी होती. सासूबाईंनी त्यावर लोणी लावले, वर शेंगदाण्याची चटणी पसरली आणि काही न बोलता दुसरा काप उचलला. आपणही तीन-चार महिने धरून चालावे, आणि पहिली बरणी चौथ्या दिवशी निपचित पडली तर फेकू नये.