शपथ झाली, पण खातं कुठाय? – केंद्रीय मंत्रिमंडळाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (बार्शीहून एक वाचक): २०२४ ला शिंदेंच्या शिवसेनेचे ७ खासदार निवडून आले तरी एकही कॅबिनेट नाही, आणि तिकडे जीतनराम मांझींच्या पक्षाचा एकच खासदार, तोही ते स्वतःच, त्यांना डायरेक्ट कॅबिनेट. हा कुठला हिशोब म्हणायचा?

दादा, हिशोब असा नाहीच. घटनेच्या ७५व्या कलमात एवढंच म्हटलंय की पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करणार आणि बाकीच्या मंत्र्यांची पंतप्रधानाच्या सल्ल्याने करणार. किती खासदारांमागे एक मंत्री, कुठल्या राज्याला किती, मित्रपक्षाला काय, यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे जे चालतं ते सगळं बोलणीवर चालतं आणि बोलणीत कोणाची गरज किती हे बघितलं जातं.

२०२४ चं उदाहरण घ्या. भाजप २४० वर अडकला, बहुमताला लागतात २७२, म्हणजे चंद्राबाबूंचे १६ आणि नितीशकुमारांचे १२ यांच्याशिवाय गाडा हलणार नव्हता. तरी त्या दोघांनाही पहिल्या झटक्यात एक कॅबिनेट आणि एक राज्यमंत्रीपद एवढंच मिळालं. मांझी आणि कुमारस्वामी (यांचे २ खासदार) दोघंही माजी मुख्यमंत्री, माजी मुख्यमंत्र्याला राज्यमंत्री करून कोपऱ्यात बसवता येत नाही, शिवाय मांझींच्या मागे बिहारचं समाजाचं गणित आहेच आणि बिहारची निवडणूक पुढच्याच वर्षी होती. शिवसेनेच्या वाट्याला प्रतापराव जाधवांचं स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रीपद (म्हणजे खातं स्वतःकडे, वर कॅबिनेट मंत्री नाही) आलं, त्यावर त्यांच्याच पक्षाचे खासदार श्रीरंग बारणे उघड बोलले, मांझी-कुमारस्वामींचीच उदाहरणं देऊन बोलले, म्हणजे तुमचा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारून झालाय.

आणि राष्ट्रवादीचं तर घोडं त्याच्याही आधी अडलं. अजितदादांच्या पक्षाला ऑफर होती स्वतंत्र प्रभाराच्या राज्यमंत्रीपदाची, प्रफुल्ल पटेलांसाठी. पटेल मनमोहन सिंगांच्या सरकारात कॅबिनेट मंत्री राहिलेले, ते म्हणाले की मी आता राज्यमंत्री झालो तर ती पदावनती होईल, नको. शपथविधी त्यांच्याशिवायच झाला. लग्नातल्या मानपानासारखंच असतं हे, जेवणाच्या पंगतीत जागा मिळाली की नाही यापेक्षा कुठल्या रांगेत मिळाली यावर रुसवे जास्त. माझं स्वतःचं मत विचाराल तर त्या दिवशी शिवसेनेपेक्षा राष्ट्रवादीने जास्त गमावलं, रुसून बसायला हातात संख्या लागते आणि त्यांचा लोकसभेत एकच खासदार होता.

प्रश्न (यूपीएससीची तयारी करणारी एक वाचक, पुणे): सर, यादी नक्की कोण बनवतं आणि शपथेच्या दिवशी काय काय होतं, पुस्तकात फक्त कलमं आहेत.

यादी पंतप्रधान बनवतात. पक्षाचे अध्यक्ष, मित्रपक्षांचे नेते, मागचे-पुढचे सगळे बोलतात पण राष्ट्रपती भवनाकडे जाणारी यादी पंतप्रधानाची, त्यात राष्ट्रपती स्वतःच्या मनाने नाव घालत नाहीत की काढत नाहीत. ज्यांची वर्णी लागणार त्यांना फोन जातो. ९ जून २०२४ ला सकाळी ७ लोककल्याण मार्गावर, म्हणजे पंतप्रधानांच्या बंगल्यावर चहापानाला कोण कोण आत गेलं यावरूनच चॅनेलवाल्यांनी यादी लावली होती, संध्याकाळी शपथ झाली तेव्हा फारसं सरप्राइज उरलं नव्हतं. पंतप्रधान धरून ७२ जण. आपल्याकडचे गडकरी आणि पीयूष गोयल कॅबिनेट, जाधव स्वतंत्र प्रभार, आठवले, रक्षा खडसे आणि मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. गोव्याचे श्रीपाद नाईकही राज्यमंत्री.

आता गंमत बघा, शपथ घेताना कोणाकडेच खातं नसतं. शपथ दोन, एक पदाची आणि एक गोपनीयतेची, दोन्हींत खात्याचा उल्लेखच नाही. खातेवाटप वेगळं, ते राष्ट्रपती भवनाच्या पत्रकातून जाहीर होतं, २०२४ ला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. त्या पत्रकात पंतप्रधानांच्या नावापुढे दरवेळी एक ओळ असते ती जरूर वाचा: कार्मिक, अणुऊर्जा, अंतराळ, महत्त्वाचे सगळे धोरणात्मक विषय आणि कोणालाच न दिलेली सगळी खाती. म्हणजे सांडलं-लवंडलं सगळं त्यांच्याकडे. कुठलं काम कुठल्या खात्याचं हे १९६१ च्या कामकाज वाटप नियमांत लिहिलेलं असतं, ते बदलून नवं मंत्रालय काढता येतं, त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. जुलै २०२१ मध्ये सहकार मंत्रालय असंच रातोरात निघालं आणि दुसऱ्या दिवशी अमित शहांकडे गेलं, आणि आपल्याकडच्या साखर कारखानदारांचे कान टवकारले.

परीक्षेत आलं तर आणखी एक किस्सा लक्षात ठेवा. डिसेंबर १९८९ ला देवीलाल शपथ घेताना छापलेला ‘मंत्री’ हा शब्द सोडून ‘उपपंतप्रधान’ म्हणाले, राष्ट्रपती व्यंकटरामन यांनी टोकलं तरी म्हणाले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं की घटनेत उपपंतप्रधान असं पद नाही, ते नुसतं वर्णन झालं, कायद्याने ते इतर मंत्र्यांसारखेच मंत्री, शपथ वैध. म्हणजे उपपंतप्रधानपदाला वजन आहे ते राजकारणातलं.

प्रश्न (सावंतवाडी): खासदार नसलेला माणूस मंत्री होतो तो कसा काय? मग निवडणूक कशाला घ्यायची?

सहा महिन्यांची सवलत आहे हो. तेवढ्यात लोकसभेत किंवा राज्यसभेत यायचं, नाहीतर पद गेलं. १९९१ ला नरसिंह रावांनी मनमोहन सिंगांना अर्थमंत्री केलं तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते, नंतर आसाममधून राज्यसभेवर आले. त्याच वेळी शरद पवार मुख्यमंत्रीपद सोडून संरक्षणमंत्री झाले, त्यांच्यासाठी बारामतीची लोकसभेची जागा अजित पवारांनी रिकामी केली आणि पवार पोटनिवडणुकीतून आले. तुमच्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर २०१४ ला आधी मंत्री झाले आणि मग उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर गेले.

सहा महिने संपत आले की राजीनामा द्यायचा आणि निवडून न येताच पुन्हा शपथ घेऊन नवे सहा महिने सुरू करायचे, अशी शक्कल पंजाबात एका मंत्र्यासाठी लढवून झालीये. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये ती मोडीत काढली.

प्रश्न (बीड): २०२१ ला एकदम बाराजणांना डच्चू दिला. मंत्र्याला काढतात कसं, त्याने राजीनामा दिलाच नाही तर?

तर राष्ट्रपती त्याला पदावरून काढतात, अर्थात पंतप्रधानाच्या सल्ल्याने. मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतो असं घटना म्हणते आणि ती मर्जी म्हणजे व्यवहारात पंतप्रधानाची मर्जी. वर ज्यांचा किस्सा सांगितला त्याच देवीलालांना १ ऑगस्ट १९९० ला व्ही. पी. सिंगांनी असंच काढलं, उपपंतप्रधान असूनसुद्धा. पण हे क्वचित. एरवी निरोप जातो आणि माणूस गुपचूप राजीनामा लिहून देतो.

७ जुलै २०२१ ला तेच झालं. रविशंकर प्रसाद, प्रकाश जावडेकर, हर्षवर्धन अशी मोठी नावं बाहेर, आपल्याकडचे संजय धोत्रेही बाहेर, आणि संध्याकाळी ४३ जणांची शपथ. आपल्याकडून नारायण राणे कॅबिनेट, भागवत कराड, भारती पवार, कपिल पाटील राज्यमंत्री. प्रीतम मुंडेंचं नाव नाही म्हणून तुमच्याच बीडमध्ये पदाधिकाऱ्यांचं राजीनामासत्र चाललं ते तुम्हाला जास्त माहिती. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती आणि आरोग्यमंत्रीच बदलले, आता यातून जो अर्थ काढायचा तो लोकांनी काढलाच, सरकारने अधिकृत कारण काही दिलं नाही. फेरबदलाचं कारण द्यायची सक्ती पंतप्रधानावर नाहीच.

पण आघाडी सरकारात पंतप्रधानाच्या हातातला पेन अर्धा मित्रपक्षाच्या हातात असतो. सुरेश प्रभूंचंच बघा. वाजपेयी सरकारात ऊर्जामंत्री, कामाचं नाव चांगलं, पण ऑगस्ट २००२ ला बाळासाहेबांनी मातोश्रीवरून आदेश दिला आणि प्रभूंनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी अनंत गीते. २०१२ ला स्वतःच्याच पक्षाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी भर बजेटमध्ये रेल्वेभाडं वाढवलं म्हणून ममतादीदींनी तर त्यांना घालवलं आणि मुकुल रॉयना बसवलं, मनमोहन सिंग बघत राहिले. उलटंही होतं. ९ नोव्हेंबर २०१४ ला प्रभूंनी सकाळी भाजपचं सदस्यत्व घेतलं आणि दुपारी कॅबिनेट मंत्रीपदाची शपथ घेतली, आणि त्याच दिवशी शपथेसाठी दिल्लीत उतरलेले शिवसेनेचे अनिल देसाई विमानतळावरूनच मुंबईला परत फिरले. भाजपकडे तेव्हा स्वतःचं बहुमत होतं ना, मग अख्खा पेन मोदींकडे.

प्रश्न (नागपूर): जास्तीत जास्त किती मंत्री करता येतात?

८१. लोकसभेच्या संख्येच्या १५ टक्के, पंतप्रधान धरून, ९१व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये घातलेली मर्यादा. आधी मर्यादाच नव्हती, उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांनी सरकार टिकवायला ९३ मंत्री केले होते. ७२ वर थांबलं की ९ जागा हातात राहतात, त्या भरणार भरणार म्हणत नाराजांना झुलवत ठेवता येतं. विधानसभेलाही हाच नियम, आपल्या २८८ ला ४३.

प्रश्न (कल्याण): राज्यमंत्र्याला कॅबिनेटच्या मीटिंगला बसू देतात का?

एरवी नाही. स्वतंत्र प्रभारवाल्याच्या खात्याचा विषय असेल तर त्याला बोलावतात. साधा राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली असतो, किती काम द्यायचं ते त्या मंत्र्यावर, आणि टेबलावर फाइलच येत नाही ही राज्यमंत्र्यांची तक्रार कुठल्याही पक्षाच्या सरकारात ऐकायला मिळते.

प्रश्न (इंदूरहून एक मराठी वाचक): खातं बदललं तर पुन्हा शपथ घ्यावी लागते का?

खातं बदललं तर नाही, दर्जा बदलला तर हो. मे २०२३ ला किरेन रिजिजूंचं कायदा खातं काढून भूविज्ञान दिलं, राष्ट्रपती भवनाचं एक पत्रक निघालं आणि विषय संपला, ना समारंभ ना फोटो. सप्टेंबर २०१७ ला निर्मला सीतारामन राज्यमंत्री होत्या त्या कॅबिनेट झाल्या, म्हणून त्यांना नव्याने शपथ घ्यावी लागली, आणि नंतर त्याच दिवशी कळलं की खातं संरक्षण आहे.