वाचकांचे प्रश्न : माजी सैनिकाची डिसॅबिलिटी पेन्शन आणि वकिलाची निवड

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील असून पायदळात 24 वर्षे नोकरी करून 2019 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्या वेळी मी लो मेडिकल कॅटेगरीत (आजारामुळे खालावलेल्या वैद्यकीय श्रेणीत) होतो. मेडिकल बोर्डाने उच्च रक्तदाबासाठी 30 टक्के अपंगत्व कायमचे धरले, पण आजाराचा नोकरीशी संबंध नाही असा शेरा मारल्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाली. पहिले अपील फेटाळले गेले आणि दुसरेही फेटाळल्याचे पत्र चार महिन्यांपूर्वी आले. आता एक तर आमच्या जमिनीचा दावा चालवणारे तालुक्याचे वकील आहेत, दुसरे मुंबईचे एक वकील आहेत, ज्यांच्याशी फक्त फोनवर बोलणे झाले आहे, आणि तिसरे आमच्याच भागातील एक माजी सैनिक आहेत, जे मिळणाऱ्या पेन्शनच्या थकबाकीतील 20 टक्के घेऊन 'सगळे करून देतो' म्हणतात. अमेरिकेतील माझा भाचा सांगतो की तिकडे वकील टक्क्यावरच काम करतात. मी कोणाकडे जावे?

उत्तर : हवालदारसाहेब, वकील कोणताही निवडा, पण आधी कॅलेंडर पाहा. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, 2007 नुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत सैनिकांच्या सेवेचे वाद ऐकणाऱ्या या न्यायाधिकरणात अर्ज दाखल करावा लागतो, म्हणजे आपल्या हाती सुमारे दोन महिने उरले आहेत. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, परंतु आज जे काम विनाअडथळा होणार आहे, त्यासाठी उद्या माफीचा वेगळा अर्ज करण्याची वेळ का आणावी? शिवाय 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व घालून दिले की पेन्शनचा दावा उशिरा आला तरी तो ऐकता येतो, मात्र थकबाकी सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

वकील पारखण्याची माझी एकच कसोटी आहे, ती म्हणजे पहिल्या भेटीत ते तुमच्याकडे कोणता कागद मागतात. जे फीपासून सुरुवात करतात किंवा पीपीओवर (पेन्शनच्या आदेशपत्रावर) नजर टाकून 'केस शंभर टक्के आपली आहे' म्हणतात, त्यांना नमस्कार करून उठावे. जाणकार वकील सर्वांत आधी रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणी मंडळाची, संपूर्ण कार्यवाही मागतील, कारण आपली सारी केस त्या फॉर्ममधील दोन-तीन ओळींवर उभी आहे. त्या ओळींत बहुधा असे लिहिलेले असते की आजार शांतता क्षेत्रात असताना उद्भवला, म्हणून तो सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. हे वाचल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न 'निदान झाले तेव्हा आपण कोठे होता आणि त्याआधीची दोन-चार वर्षे कोठे होता?' हाच असायला हवा. समजा रक्तदाब पुण्याच्या लष्करी रुग्णालयात सापडला, पण त्याआधी आपण अतिउंचीवरील चौकीत किंवा दहशतवादविरोधी कारवाईत तैनात होता, तर बोर्डाचा 'शांतता क्षेत्र' हा युक्तिवाद लंगडा पडतो. त्यामुळे पोस्टिंगचा तपशील हा वैद्यकीय कागदाइतकाच महत्त्वाचा ठरतो. बोर्डाची प्रत आपल्याकडे नसेल, तर आपल्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका.

दुसरी परीक्षा निकालांच्या ज्ञानाची आहे. 2013 च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी कागदोपत्री कोणत्याही आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, नंतरच्या बिघाडाचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहतो आणि शंकेचा फायदा जवानाला मिळतो. 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारीच्या 'राउंडिंग'चा लाभ खुला केला. हा मुद्दा आपल्याला थेट लागू पडतो, कारण 50 च्या आतील अपंगत्व 50 टक्के धरले जाते. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के हा हिशेब धरून, मिलिटरी सर्व्हिस पेसह शेवटचे वेतन 50,000 रुपये होते असे मानले, तर 30 टक्क्यांना दरमहा 4,500 रुपये होतात आणि 50 टक्क्यांना 7,500 रुपये. महागाई दिलासा वेगळा. अर्जात राउंडिंगची मागणी लिहायची राहून गेली, तर हा फरक आयुष्यभर सोसावा लागू शकतो, आणि असे अर्ज मी पाहिले आहेत. आणखी एक बाब आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून पात्रतेचे नवे नियम आले. आपण 2019 मध्ये निवृत्त झाल्यामुळे आपला दावा जुन्या नियमांखाली मांडायचा आहे. जे वकील हे न विचारता सांगतील, त्यांचा अभ्यास ताजा आहे असे समजावे.

आता टक्क्याविषयी. भाच्याने सांगितले ते अमेरिकेपुरते खरे आहे. तेथे माजी सैनिकांचे दावे चालवणाऱ्या वकिलाला संबंधित सरकारी खात्याची मान्यता घ्यावी लागते, दाव्यावर पहिला निर्णय झाल्यानंतरच्या कामासाठीच फी आकारता येते आणि थकबाकीच्या 20 टक्क्यांपर्यंतची फी खाते परस्पर वळती करते. आपल्याकडे अशी खास मान्यता नसते, म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते. फीच्या बाबतीत मात्र आपला नियम अधिक कडक आहे : निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास भारतीय बार कौन्सिलने वकिलांना मनाई केली आहे. 20 टक्के मागणारे गृहस्थ तर वकीलही नाहीत. ते न्यायाधिकरणात आपल्यासाठी उभे राहू शकत नाहीत, मागून कोणत्या वकिलाच्या वकालतनाम्यावर आपली सही घेतील हे आपल्याला कळणार नाही, आणि रक्कम खात्यात आली की ते दारात येतील. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर सही अजिबात देऊ नये.

तालुक्याचे वकील सज्जन असतील, विश्वासाचेही असतील, पण फेरफार आणि वाटपाचे दावे चालवणे ही वेगळी विद्या आहे. न्यायाधिकरणाच्या पीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी बसतात; युनिटमधील जीवन आणि मेडिकल कॅटेगरीचे नियम ज्यांना पाठ आहेत, त्यांच्यापुढे मोघम बोलून चालत नाही. महाराष्ट्रातील अर्ज मुंबई खंडपीठापुढे चालतात, म्हणून तेथे नेहमी उभे राहणारे वकील घेणे मला अधिक योग्य वाटते. मुंबईच्या वकिलांना एकदा समक्ष भेटाच. न्यायाधिकरणाचे आदेश सार्वजनिक असतात आणि त्यांवर वकिलांचे नाव छापलेले असते. त्यांनी चालवलेल्या डिसॅबिलिटी पेन्शनच्या दोन-तीन आदेशांच्या प्रती मागण्यात काहीही वावगे नाही. फी लेखी ठरवा आणि ती कोठपर्यंतची आहे हे विचारा, कारण 2023 मध्ये परशोतम दास प्रकरणातील निकालानंतर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाट पुन्हा मोकळी झाली आहे. आपण जिंकलात आणि सरकार उच्च न्यायालयात गेले, किंवा आदेश होऊनही अंमलबजावणी रखडली, तर त्या कामाची फी वेगळी की याच रकमेत, हे आजच कागदावर यावे. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे चौकशी करावी. स्वतः उभे राहून बाजू मांडण्याची मुभाही कायद्याने दिलेली आहे.

प्रश्न : माझे पती नाईक पदावरून बोर्डआउट झाले, म्हणजे वैद्यकीय कारणावरून त्यांना सेवेतून कमी केले गेले. आमच्या वकिलांनी दीड वर्षात काहीच हालचाल केली नाही आणि आता उरलेली फी दिल्याशिवाय मूळ कागद परत देणार नाही म्हणतात. दुसरा वकील करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, नक्की करता येईल. थकलेल्या फीपोटी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे. फीचा वाद त्यांनी स्वतंत्रपणे सोडवावा. आपल्या पतींच्या सहीने कागदांची यादी जोडून रजिस्टर पोस्टाने मागणी करा. तरीही कागद मिळाले नाहीत, तर अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. नव्या वकिलाला जुन्या वकिलांची संमती लागते. ती न मिळाल्यास कारण देऊन न्यायाधिकरणाची परवानगी मागावी. मात्र त्याआधी अर्ज खरोखर दाखल झाला आहे का, हे न्यायाधिकरणाच्या कार्यालयात पतींच्या नावाने तपासून घ्या. अर्जाचा क्रमांक विचारला की 'झालेय, होतेय' अशी उत्तरे मिळत असतील, तर तो दाखलच झाला नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे असल्यास नव्या वकिलांना अर्जासोबत विलंबमाफीचा अर्जही जोडावा लागेल, ज्यात आपल्या पत्राची पोस्टाची पावती कामी येईल.